व्यायाम निवृत्तीपर्यंत लांबवू नका

१९६६ साली अमेरिकेतील डॅलसमध्ये विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवले होते. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. तीस वर्षांच्या वाढत्या वयाने त्यांची दमछाक सोसण्याची क्षमता जेवढी घटवली नव्हती, तेवढी त्या तीन आठवड्यांनी घटवली होती! या फेरतपासणीत सहभागी असलेले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. बेंजामिन लेव्हिन यांनी व्यायाम आणि हृदय यांच्या अभ्यासात अवघी कारकीर्द घातली आहे. आपल्याकडे ‘रिटायर झालो की फिरायला जाईन’ असे सर्रास म्हटले जाते; त्यांचे काम पाहता हा बेत महागात पडणारा आहे.

बैठ्या माणसाच्या हृदयाचा डावा कप्पा वयानुसार ताठर होत जातो. तो नीट सैलावत नाही, रक्त पुरेसे भरत नाही, दाब मागे फुप्फुसांकडे जातो आणि जिना चढताना धाप लागते. लेव्हिन यांच्या गटाने सत्तरीच्या आसपासच्या बैठ्या लोकांकडून वर्षभर व्यायाम करून घेतला. दम वाढला, पण ताठरपणा हटला नाही. मग ४५ ते ६४ वयोगटावर दोन वर्षांचा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. इथे मात्र ताठरपणा कमी झाला आणि प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता १८ टक्क्यांनी वाढली. मात्रा होती आठवड्यातून चार-पाच दिवसांची. त्यात चार मिनिटे जीव तोडून मेहनत, मग तीन मिनिटे संथ, अशा चार फेऱ्यांचा दिवसही होता. तुलनेसाठीचा गट आठवड्यातून तीनदा योगासने, तोल सांभाळण्याचे व्यायाम आणि वजने उचलणे करत होता. त्यांच्या हृदयात असा फरक पडला नाही. योगासनांचे इतर लाभ नाकारायचे कारण नाही, पण हे काम ती एकटी करत नाहीत.

प्रयोग पूर्ण करणारे अवघे ५३ जण होते आणि त्यात मोजला गेला तो ताठरपणा, मृत्यू नव्हेत, हा आक्षेप रास्त आहे. तरीही बिघाडाच्या मुळाशी झालेला बदल दुर्लक्षिण्याजोगा नाही. दुसरा आक्षेप जिममध्ये कोसळणाऱ्यांच्या बातम्यांमधून येतो. १९९३ च्या एका अमेरिकी अभ्यासात, एरवी न हलणाऱ्यांना अचानक जोरदार श्रम केल्यावर तासाभरात हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका १०७ पट आढळला. आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा व्यायाम करणाऱ्यांत तो २.४ पटच होता. म्हणजे धोका आहे तो सवय नसताना एकदम झेप घेण्यात. लेव्हिन यांच्या दोन वर्षांच्या प्रयोगातही मात्रा महिनोन्‌महिने हळूहळू चढवली होती. छातीत दुखणे, मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे. आणि सत्तरी गाठलेल्यांनी हे वाचून चालणे सोडू नये. त्यांचाही दम वाढलाच होता.