पळून न गेलेला मुलगा

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला मला दोन केट्या लागल्या होत्या, तेव्हा इसाक आल्बेनिस मला फार आवडायचा. त्याच्या संगीतामुळे नाही, त्याच्या गोष्टीमुळे. स्पेनमधला एक पोरगा बाराव्या वर्षी घरातून पळतो, जहाजात लपून अमेरिका गाठतो, गावोगावी पियानो वाजवून पोट भरतो, आणि शाळा-मास्तर कुणाचीही गरज न पडता मोठा कलावंत होतो. सबमिशनच्या आदल्या रात्री फाइल उतरवून काढणाऱ्या मुलाला यापेक्षा चांगला देव कुठे मिळणार?

आज ती गोष्ट कुणी सांगितली की मला राग येतो. ती खोटी आहे, हे एक कारण. पण खरं कारण वेगळं आहे.

आधी खोटेपणाचं बघू. १८६० साली कातालोनियातल्या काम्प्रोदोनला जन्मलेला आल्बेनिस १८७५ मध्ये क्यूबाला गेला, एवढं खरं. पण त्याचे वडील कस्टम्समध्ये नोकरीला होते आणि त्यांची नेमणूक हवानाला झाली होती. म्हणजे बापाची बदली झाली आणि पोरगा सोबत गेला. तिथे त्याने कार्यक्रम केले, पण जहाजात लपून नाही. १८८० मध्ये बुडापेस्टला फ्रान्झ लिस्टची भेट झाल्याचं त्याने डायरीत लिहून ठेवलंय. लिस्ट तेव्हा त्या शहरातच नव्हता. चरित्रकार वॉल्टर आरन क्लार्क यांनी कागदपत्रं तपासून हे मांडलं, त्यालाही आता पंचवीसेक वर्षं झाली. गोष्ट मात्र फिरतेच आहे.

लोक म्हणतात, थापा त्याने स्वतःच मारल्या, तुझं काय जातं? गोष्ट ऐकून चार माणसं संगीताकडे वळली तर बरंच की.

वळत नाहीत. मी तरी वळलो नव्हतो. तेव्हा मी त्याची एकच रचना ऐकली होती, 'आस्तुरियास', तीही 'स्पॅनिश गिटार' नावाच्या प्लेलिस्टमध्ये. आता गंमत बघा. आल्बेनिसने ती गिटारसाठी लिहिलेली नाही, ती पियानोची आहे. तिचं मूळ नाव नुसतं 'प्रेल्यूड', १८९० च्या दशकाच्या सुरुवातीचं. त्याच्या 'स्पॅनिश सूट'साठी आठ नावं ठरली होती, पण रचना चारच झाल्या होत्या. तो वारल्यावर जर्मन प्रकाशकाने उरलेली चार नावं त्याच्या आधीच छापलेल्या दुसऱ्या रचनांवर चिकटवली. रिकाम्या फील्डमध्ये कुठलाही डेटा भरून फॉर्म सबमिट करावा, तसं. आस्तुरियास हा उत्तरेकडचा, पावसाळी प्रदेश. रचनेतला सूर आणि ठेका दक्षिणेतल्या आंदालुसियाच्या फ्लामेंकोचा. वाद्य चुकीचं, गाव चुकीचं, आणि ऐकणारे आपण खूश.

लेबल आकर्षक असलं की आपण आत काय आहे ते बघत नाही. पळून गेलेल्या मुलाच्या गोष्टीचंही तेच होतं. तिच्यामुळे या माणसाने केलेलं काम झाकलं जातं.

ते काम असं. तो ब्रसेल्सच्या कॉन्झर्व्हेटरीत रीतसर शिकला आणि १८७९ मध्ये पियानोचं पहिलं बक्षीस घेऊन बाहेर पडला. युरोपभर मैफली केल्या. कानाला गोड लागतील अशा ढीगभर छोट्या रचना लिहिल्या, त्या खपल्याही. तिथेच थांबला असता तरी चाललं असतं. पण पॅरिसला स्थायिक झाल्यावर तो विन्सेंत दांदी, पॉल ड्यूका अशा लोकांच्या वर्तुळात वावरला, आणि पस्तिशी ओलांडल्यावर आपलं लिखाण पुन्हा पायापासून उभं केलं. मग १९०५ ते १९०८ या काळात, मूत्रपिंडाच्या आजाराने शरीर खचत असताना, 'इबेरिया' लिहिली. चार भाग, बारा रचना. पियानो वाजवणाऱ्यांना आजही घाम फोडतात इतक्या अवघड. मे १९०९ मध्ये तो गेला, एकोणपन्नासावा वाढदिवस अकरा दिवसांवर असताना.

माझा राग इथे आहे. पळून गेलेला पोरगा सांगतो की अंगात असेल तर शिकावं लागत नाही. आमच्या धंद्यातही हीच पोथी वाचली जाते: अमक्याने कॉलेज सोडलं आणि कंपनी काढली. ही पोथी मी मनापासून वाचली. माझ्या केट्या तिने सोडवल्या नाहीत. त्या सुटल्या त्या समोर बसून तीच गणितं पुन्हा पुन्हा करून. आल्बेनिसची खरी गोष्ट मला तेव्हा कुणी सांगितली असती तर जास्त उपयोगी पडली असती: चांगलं चाललेलं असतानाही आपलं काम अपुरं आहे हे ओळखून, चाळिशीच्या आसपास पुन्हा विद्यार्थी होणारा माणूस.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, कानांनी तपासा. आधी ते 'प्रेल्यूड' पियानोवर ऐका. दोन्ही हात आळीपाळीने पडतात आणि पियानोतून गिटार छेडल्याचा भास होतो. मग 'इबेरिया'तलं 'एल अल्बाइसिन' ऐका, शक्यतो आलिसिया दे लारोचा यांचं. सुरुवातीची युक्ती तीच आहे, हातांचा तोच खेळ. पण पुढे सूर असे वळण घेतात की ही युक्ती आहे हेच आपण विसरून जातो. या दोन रचनांमध्ये साधारण पंधरा वर्षांचं अंतर आहे.

ती पंधरा वर्षं कुठल्याही जहाजात लपून गेलेली नाहीत.