लकवा झालेली माय आणि आयकराची सवलत

गेल्या महिन्यात अकोल्याच्या एका वस्तीत गेले होते. घरातल्या आजीला लकवा, उजवी बाजू पूर्ण गेलेली. मुलगा शिक्षक, पगारातून आयकर कापला जातो. "सिस्टर, मायले पाहाले बाई ठेवली. तिले पैसे हातीच देतो, दवाखान्याचंही नगदीच," तो म्हणाला. या खर्चावर करात सवलत आहे, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

आपल्या अमरावती-अकोल्यात नर्सिंग होम म्हणजे छोटा खासगी दवाखाना. म्हाताऱ्या माणसाला महिनोन्‌महिने पैसे भरून ठेवणे आपल्याला परवडत नाही. नर्सिंग घरीच होते. म्हणून आयकर कायद्यातली एक वजावट मला मोलाची वाटते. आपल्यावर अवलंबून असलेल्या दिव्यांग आईवडिलांच्या उपचारासोबत 'नर्सिंग'चा खर्चही त्यात स्पष्ट लिहिला आहे. दिव्यांगत्व 40 टक्के असेल तर 75,000 रुपये, 80 टक्के किंवा जास्त असेल तर 1,25,000 रुपये उत्पन्नातून वजा होतात. खर्च कमी झाला असला तरी वजावट पूर्ण मिळते. 20 टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे 1,25,000 वर उपकरासह 26,000 रुपये वाचतात. पण सरकारी रुग्णालयाचे दिव्यांग प्रमाणपत्र लागते. इर्विन असो की सर्वोपचार, आपण तिथे औषधाला जातो, प्रमाणपत्राला जात नाही. "वय झालं तिचं" म्हणून सोडून देतो. लकव्याने हातपाय गेले तर ते दिव्यांगत्वच आहे.

प्रमाणपत्र नसेल तरी 60 वर्षांवरच्या आईवडिलांचा आरोग्य विमा नसल्यास उपचाराचा 50,000 पर्यंतचा खर्च वजावटीत बसतो. तो नगदी दिलेला चालत नाही. आणि हे सगळे जुन्या करप्रणालीतच. तुम्ही काही कळवले नाही तर नवी आपोआप लागते, म्हणून दोन्हींचा हिशेब करून घ्या.

त्याच गल्लीत एक सून भेटली. सासूच्या कुशी बदलायच्या, पाठीला जखमा होऊ द्यायच्या नाहीत, म्हणून तिने बांधकामावरची मजुरी सोडली. "अन् माह्यं काय, सिस्टर?" तिने विचारले. मला उत्तर देता आले नाही. तिच्या घरात कर भरणारे कोणी नाही, मग वजावट कशातून? सत्तरीनंतर आयुष्मानचे 5 लाख आहेत, पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर. श्रावणबाळचे 1,500 सासूच्या औषधातच जातात. नर्सिंग शिकून मी पगार घेतला, तेच काम ती रात्रंदिवस फुकट करते. करदात्याच्या घरातले नर्सिंग सरकार खर्च म्हणून मोजते, मग हिच्या घरातले का नाही? सेवा करणाऱ्या बाईच्या खात्यात दरमहा भत्ता पडला पाहिजे, ही मागणी आपल्या महिला मंडळांनी दोन्ही जिल्हाधिकारी कार्यालयांत लावून धरावी.

तोवर, ज्यांच्या घरी कोणी अंथरुणाला खिळले आहे त्यांनी आधार कार्ड आणि दवाखान्याचे कागद घेऊन रविवारी विहारात यावे. प्रमाणपत्राचा अर्ज मी भरून देते.