सुदानच्या बेघरांसाठी आजच पुढे या

सुदानमधल्या अल-फाशेर शहराला दीड वर्ष वेढा होता. बाजारातलं धान्य संपलं, तेव्हा लोकांनी जनावरांसाठीची शेंगदाण्याची पेंड खाऊन दिवस काढले. २६ ऑक्टोबर २०२५ रोजी शहर ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ (आरएसएफ) या निमलष्करी दलाच्या हाती पडलं आणि कत्तल सुरू झाली. जे सुटले ते ताविला गावाकडे निघाले. साठेक किलोमीटर, बहुतेक पायीच. वाटेतल्या चौक्यांवर पुरुषांना बायकामुलांपासून वेगळं काढलं जात होतं. ताविलाला पोचलेल्या कितीतरी मुलांसोबत आई नव्हती, बापही नव्हता.

तुम्ही ही बातमी वाचली असेल. हळहळलाही असाल. आता त्यापुढे एक पाऊल टाका.

हे युद्ध सुरू झालं १५ एप्रिल २०२३ रोजी. रमजानच्या शेवटच्या दिवसांत राजधानी खार्तूममध्ये लष्कर आणि आरएसएफ यांची जुंपली. भांडण दोन सेनापतींच्या सत्तेचं, घरं मोडली ती सामान्यांची. १ कोटीहून अधिक लोकांना घर सोडावं लागलं. युद्ध पेटलं तेव्हा भारताने ‘ऑपरेशन कावेरी’त सुमारे ३,८०० भारतीयांना सुखरूप बाहेर काढलं. सुदानी कुटुंबांनी कुठं जायचं? लाखो माणसं सीमा ओलांडून चाडमध्ये गेली. चाड स्वतः गरीब देश, तरी त्याने त्यांना आसरा दिला. आद्रेसारख्या सीमेवरच्या गावात काठ्या आणि कापडाच्या आडोशाला संसार मांडले गेले, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. पावसाळा आला की पाणी सडतं आणि कॉलरा हातपाय पसरतो.

म्हणून उशीर करू नका. युनिसेफ, संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था, डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स यांपैकी एकीला जमेल तेवढी रक्कम द्या. ती सुदानसाठीच वापरली जाईल ना, हे आधी विचारून घ्या. रक्कम लहान म्हणून लाजू नका. परदेशात असाल, तर तिथल्या मराठी मंडळात हा विषय काढा.

पुणेकरांनो, तुमच्याशी थोडं वेगळं बोलायचं आहे. सुदानची मुलं पिढ्यान्‌पिढ्या तुमच्या शहरात शिकायला येत आली आहेत. ज्या घरातून पैसे यायचे ते घरच उठलं, तर मुलाने भाडं कुठून भरायचं? घरमालक असाल तर चार महिने सांभाळून घ्या. कॉलेजात अधिकारावर असाल तर फीचे हप्ते पाडून द्या. वकील असाल तर व्हिसाच्या कागदांना हात लावा. आणि काहीच जमत नसेल, तर शेजारच्या सुदानी मुलाला जेवायला बोलवा. त्याला विचारा, घरचे कुठं आहेत, फोन लागतो का. उत्तर ऐकायला वेळ काढा.

घरात आजच हा विषय काढा. रक्कम ठरवा आणि झोपण्यापूर्वी पाठवा.