सेंद्रिय दूध : नावाआधी वैरण पाहावी

सातारा जिल्ह्यातील माण व खटाव आणि सांगलीतील आटपाडी व जत या अवर्षणप्रवण तालुक्यांत खिलार गाय कडब्यावर व माळाच्या गवतावर पोसली जाते. कृष्णाकाठच्या कऱ्हाड-वाळवे भागात संकरित गाय व म्हैस यांना उसाचे वाढे, मक्याचा मुरघास आणि पेंड मिळते. त्यावरून माणदेशाचे दूध आपोआप सेंद्रिय ठरते, असा समज पसरू लागला आहे. तो बरोबर नाही. २०१२-१३ व २०१९ च्या दुष्काळांत माणमधील जनावरे चारा छावण्यांत बाहेरून आणलेल्या उसावर जगली. त्या उसास कोणते खत पडले होते, हे कोणी विचारले? शिवाय खिलार मुळात ओढकामाची. वासरू पाजून उरणारे दूध थोडकेच.

सेंद्रिय दुधाचा गुण मुख्यतः वैरणीत असतो. २०१६ साली न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी अनेक देशांतील अभ्यास एकत्र तपासले. सेंद्रिय दुधात ओमेगा-३ स्निग्धाम्ले सुमारे निम्म्याने अधिक आढळली, आयोडीन मात्र कमी. अधिक स्निग्धाम्लांचे कारण चराई व हिरवा चारा हे होय. म्हणजे कृष्णाकाठच्या शेतकऱ्यानेही वाढ्यांवर विसंबणे सोडून लसूणघास पेरला, तर त्यास प्रमाणपत्रावाचूनही लाभ आहे. वाढ्यांतील ऑक्झलेट जनावराच्या अंगचे कॅल्शियम बांधून ठेवते, हेही ध्यानी असावे.

खरा धोका निराळाच आहे. कासदाहावर प्रतिजैविक टोचल्यानंतर औषधाच्या वेष्टनावर सांगितलेल्या मुदतीपर्यंतचे दूध डेअरीस घालू नये. बुरशी आलेली पेंड खाऊ घातल्यास अफ्लाटॉक्सिन दुधात उतरते. दूध उकळल्याने ते जात नाही. पेंड सेंद्रिय असली तरी ओल लागताच तिलाही बुरशी धरते. सेंद्रिय नावाच्या मागे धावण्यापूर्वी गोठ्यात औषधांची नोंदवही आणि पेंडीसाठी कोरडी फळी असावी.

ज्यांस हे नाव खरोखर मिळवावयाचे आहे, त्यांच्यापुढे अडचण दुग्धसंस्थेच्या कॅनची आहे. गायीच्या दुधाचा भाव ३.५ स्निग्धांश व ८.५ स्निग्धेतर घनपदार्थ या मानाने ठरतो, आणि काळजीवाहू शेतकऱ्याचे दूध शेजाऱ्याच्या दुधात मिसळते. गावातील दहा-पंधरा गोपालकांनी प्रमाणपत्रासाठी गट केला, तरी संस्थेने त्यांच्यासाठी निराळा कॅन व निराळा भाव ठेविला पाहिजे. ग्रामसेवकांनी हा विषय प्रथम संस्थेच्या संचालकांपुढे मांडावा, शेतकऱ्यांपुढे नंतर.