वऱ्हाडाचा फोटो कुणी काढायचा?

वऱ्हाडाच्या जुन्यात जुन्या छायाचित्रांत मेजर रॉबर्ट गिल यांची छायाचित्रं मोडतात. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीनं त्यांना नेमलं होतं. वर्षानुवर्षं खपून रंगवलेल्या त्या नकलांपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या आगीत जळाल्या. तोवर गिल यांनी कॅमेरा हाती घेतला होता. अजिंठा-वेरूळबरोबर लोणारची देवळंही त्यांनी १८६० च्या दशकात काचेवर उतरवली. त्या काळी काचेवर रसायनाचा लेप द्यायचा, तो ओला असेपर्यंत चित्र घ्यायचं आणि लगेच अंधाऱ्या तंबूत शिरून काच धुवायची, असा सगळा खटाटोप होता. इथल्या उन्हात लेप किती लवकर वाळत असेल याची कल्पना वऱ्हाडी माणसाला सांगायला नको. त्या काळच्या अशा चित्रांत विषय दगडाचा असे. माणूस उभा केलाच तर बहुधा खांबाची उंची कळावी म्हणून.

ही गोष्ट आज काढण्याचं कारण वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातलं धनज. अशा गावात आता कास्तकाराच्या खिशात कॅमेरा आहे. गिल यांच्या काळापासून पाहिलं तर दीडशेहून जास्त वर्षं इथल्या माणसावर कॅमेरा दुसऱ्यानं रोखला. तो त्याच्या स्वतःच्या हातात येऊन फार तर पंधरा-वीस वर्षं झाली असतील. या एवढ्याशा काळात त्या कॅमेऱ्याचं आपण काय केलं आणि मन हलकं करायला त्याचा काही उपयोग आहे का, हा प्रश्न गंभीरपणे विचारायची वेळ आली आहे.

छायाचित्रणाची कला १८३९ मध्ये पॅरिसात जाहीर झाली आणि मुंबईला यायला तिला फार वेळ लागला नाही. १८५४ मध्ये तिथं बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातले नावाजलेले छायाचित्रकार. पेशानं डॉक्टर आणि आवडीनं छायाचित्रकार असलेला हा मराठी माणूस आपल्या पहिल्या हौशी छायाचित्रकारांपैकी एक. पण ही हौस मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू घरांतच राहिली. महागडी काच, रसायनं आणि रिकामा वेळ या तिन्ही गोष्टी ज्याच्याकडे, त्याचाच तो छंद.

त्याच दशकात कॅमेरा आणि मनाचं दुखणं यांची पहिली गाठ इंग्लंडमध्ये पडली. सरे परगण्यातल्या मनोरुग्णालयात डॉ. ह्यू वेल्च डायमंड हे डॉक्टर तिथल्या स्त्री-रुग्णांची छायाचित्रं काढत. चेहऱ्यावरून आजार ओळखता येईल, असं त्यांचं म्हणणं होतं आणि १८५६ मध्ये त्यांनी तसा निबंधही वाचला. स्वतःचं चित्र पाहून रुग्णाला उपचारात मदत होते, असंही ते मांडत. चेहरा पाहून वेड ओळखण्याचा सिद्धांत पुढं टिकला नाही. दुसरं म्हणणं मात्र कुठंतरी जिवंत राहिलं. तरीही त्या खोलीत कॅमेरा डॉक्टरांच्या हाती होता, खुर्चीत बसलेल्या बाईच्या नव्हे.

दुःखाकडे पाहण्याची ही पद्धत आपल्याकडेही आली. १८७६ ते ७८ च्या मद्रासच्या दुष्काळात विलोबी वॉलेस हूपर या लष्करी अधिकाऱ्यानं हाडांचे सापळे झालेल्या माणसांना ओळीनं बसवून फोटो काढले. ते फोटो जगभर गेले. त्या माणसांपैकी एकाचंही नाव आज आपल्याला माहीत नाही. कॅमेऱ्याविषयी गावोगाव जी भीती होती, ती या पार्श्वभूमीवर अगदीच खुळी म्हणवत नाही. दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण शिकले आणि त्यांनी गोध्र्याला स्टुडिओ थाटला. तिथं प्लेगमध्ये पत्नी आणि मूल गमावून ते बडोद्याला परतले. बडोद्यात त्यांनी पुन्हा धंदा मांडला, पण कॅमेरा माणसाची शक्ती ओढून घेतो, या समजुतीनं त्यांच्याकडे गिऱ्हाईक फिरकेना.

मग स्टुडिओचा काळ आला आणि तो वऱ्हाडात बराच लांबला. लग्न ठरलं की मुलीचा फोटो, शाळा सुटताना वर्गाचा फोटो, आणि म्हातारं माणूस थकत चाललं की तालुक्याला नेऊन त्याचा एक फोटो, पुढं भिंतीवर लावता यावा म्हणून. रंगवलेला पडदा, त्यावर तळं आणि कमानी, पुढं ताठ बसलेले आजोबा, गुडघ्यावर हात. आयुष्यभरात दोन-तीन फोटो. अमेरिकेत कोडॅकचा एक डॉलरचा ब्राउनी कॅमेरा १९०० मध्ये आला आणि तिथल्या सामान्य घरांत छायाचित्रण शिरलं. आपल्याकडे आग्फाचा क्लिक थ्री हा साधा कॅमेरा बडोद्यात तयार होऊ लागल्यावर शहरी मध्यमवर्गापर्यंत ते पोचलं. कोरडवाहू वावरावर जगणाऱ्या घराला तोही परवडण्यासारखा नव्हता. रोल, धुलाई, प्रिंट, प्रत्येक पायरीला पैसे.

आणि मग, वऱ्हाडाच्या घराघरांत कॅमेरा पोचण्याआधीच, वऱ्हाडाचं एक चित्र जगभर ठरून गेलं. ते चित्र तुम्ही पाहिलेलं आहे. मातीच्या भिंतीपुढं बसलेली बाई, डोक्यावर पदर, हातात आत्महत्या केलेल्या कास्तकार नवऱ्याची हार घातलेली तसबीर. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वर्ध्याबरोबर वाशीम त्या यादीत होता. त्या वर्षांत देशोदेशीचे छायाचित्रकार इथं आले. त्यांच्यातल्या अनेकांनी प्रामाणिकपणे काम केलं, आणि त्या चित्रांमुळं दिल्ली हलली हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या बाईला तसबीर हातात धरायला सांगितली गेली, ती दिवसातून कितीदा, याचाही हिशेब कधीतरी मांडायला हवा. एखाद्या प्रदेशाची सगळी ओळख एका चौकटीत कोंडली, की तिथल्या पोरासोरांनाही स्वतःकडे त्याच चौकटीतून पाहायची सवय लागते. आमच्या मते वऱ्हाडाच्या मनावर झालेला हा एक न दिसणारा घाव आहे.

आता शिवारात कॅमेरा आहे, आणि तो सरकारच्याच कामी आधी आला. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठी करायचा ती पिकाची नोंद आता कास्तकारानं स्वतः वावरात उभं राहून, फोटो काढून मोबाइलवर करायची. पीकविम्यातही २०२५ च्या खरिपाआधी नुकसान झालं की ७२ तासांत कळवावं लागे. म्हणजे धनजच्या कास्तकारानं सोयाबीनचा फोटो काढला तो नोंदीसाठी, किंवा आडवं पडलेलं सोयाबीन दाखवण्यासाठी. नोंद गरजेची आहेच, तिच्यावर हक्काचे पैसे अवलंबून असतात. मात्र कॅमेरा हातात घेतला की एकतर पुरावा द्यायचा, नाहीतर स्टेटसला टाकून इतरांना दाखवायचं, एवढ्यातच त्याचा उपयोग संपू नये.

या मुद्द्यावर अलीकडचं संशोधन बरंच काही सांगतं. डील, झॉबरमन आणि बराश या अभ्यासकांनी २०१६ मध्ये नऊ प्रयोगांत दोन हजारांहून अधिक माणसं घेतली आणि त्यांना दिसलं की फोटो काढणारा माणूस समोरच्या अनुभवात जास्त रमतो, कारण तो जास्त लक्ष देऊन पाहतो. त्याच मंडळींनी पुढं २०१८ मध्ये दाखवलं की फोटो समाजमाध्यमावर टाकायचा या हेतूनं काढला, तर तो आनंद कमी होतो. आपण कसे दिसू, लोक काय म्हणतील, याची धाकधूक मध्ये येते. त्याच वर्षी लिझ ब्रूस्टर आणि अँड्र्यू कॉक्स यांनी इंग्लंडमध्ये रोज एक फोटो काढणाऱ्या थोड्या लोकांशी सविस्तर बोलून एक लहानसा अभ्यास केला. त्या सवयीनं लोक घराबाहेर पडले, इतरांशी बोलू लागले, जुने फोटो चाळताना आपले दिवस अगदीच वाया गेले नाहीत असं त्यांना वाटलं. उलट बाजूही आहे. लिंडा हेंकेल यांच्या संग्रहालयातल्या प्रयोगात नुसते पटापट फोटो काढत गेलेल्यांना त्या वस्तू कमी आठवल्या. ज्यांनी एखाद्या भागावर जवळून रोख धरला, त्यांची आठवण मात्र शाबूत राहिली.

हे सगळे प्रयोग परदेशातले आहेत आणि ते जसेच्या तसे वऱ्हाडाला लावता येणार नाहीत. तरी त्यांतली एक गोष्ट इथल्या माणसाला लगेच पटेल. हरभरा निघाला की मृगापर्यंत कोरडवाहू गावात हाताला काम कमी आणि डोक्याला काम जास्त असतं. बँकेचं कर्ज, सोयाबीनचा भाव, पोरीचं लग्न, तेच ते पुन्हा पुन्हा. अशा वेळी डोळ्यांना बाहेर काम देणं हा मोठा आधार असतो. धुऱ्यावरचा पळस फाल्गुनात पेटतो, तेव्हा सकाळी सातचा त्याचा रंग आणि दुपारी बाराचा रंग यात फरक असतो. फोटो काढायला गेलं की तो कळतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सकाळी जावंसं वाटतं. तालुक्यातच कारंजा-सोहोळचं काळविटांचं अभयारण्य आहे. पीक खाणारं जनावर म्हणून ज्या काळविटाचा राग येतो, त्याचा एक नीट फोटो मिळवायला तासभर निश्चल बसावं लागतं. राग जाईलच असं नाही, नुकसान तर होतंच. पण त्या तासात श्वास संथ होतो, नजर एका जागी ठरते. फोन साधा असला तरी चालतं. सूर्य कुठं आहे ते पाहायचं, दोन पावलं पुढं जायचं, आणि एका जागेचे पन्नास काढण्याऐवजी विचार करून दोन काढायचे, एवढंच शिकायचं असतं.

अशा छंदाला माणसांची जोड मिळाली तर काय होतं, याचं उत्तम उदाहरण चीनच्या युनान प्रांतातलं आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅरोलिन वांग आणि मेरी अॅन बरिस यांनी तिथल्या ६२ शेतकरी बायांना कॅमेरे दिले आणि आपलं जगणं टिपायला सांगितलं. मग त्या एकत्र बसून एकमेकींच्या फोटोंवर बोलल्या. त्या बोलण्यातून जे पुढं आलं, त्यावर पाळणाघरं, सुईणींचं काम आणि मुलींच्या शिष्यवृत्त्या असे निर्णय झाले. सरे परगण्यातल्या त्या खोलीच्या अगदी उलट मांडणी.

आपल्याकडे मात्र अनेक घरांत स्मार्टफोन बाप्याच्या किंवा पोराच्या हातात असतो. बाई फोटोत असते, फोटो काढणारी नसते. निंदण, वेचणी, सोंगणी ज्यांच्या हातून होते, त्यांच्या डोळ्यांनी पाहिलेलं शिवार अजून कुणी पाहिलेलंच नाही. कारंजा तालुक्यातल्या बचत गटांनी महिन्यातली एक बैठक यासाठी द्यावी असं आम्हाला मनापासून वाटतं. शाळेनं पोरांना एकच झाड वर्षभर टिपायला सांगावं. ग्रामपंचायतीनं किंवा गावच्या वाचनालयानं दरवर्षी निवडक फोटो छापून भिंतीवर लावावेत, कारण मोबाइलमधला फोटो मोबाइलबरोबरच हरवतो. मोठा खर्च यात कशालाच नाही. कुणाचाही फोटो त्याला विचारून काढावा, आणि दुःखात असलेल्या माणसाचा तर दोनदा विचारून.

एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. छंद म्हणजे उपचार नव्हे, आणि कर्ज, नापिकी, पडलेला भाव यांवर कॅमेऱ्याकडे उत्तर नाही. त्यांची जबाबदारी सरकारची आणि बाजाराची आहे. ती झटकायला कुणी या छंदाचा आधार घेऊ नये. झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, घरातलं कुणी बोलेनासं झालं असेल, तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. २०२२ पासून ही सरकारी सेवा चालू आहे, ती मोफत आहे, रात्रीबेरात्रीही चालते आणि तिथं मराठीत बोलता येतं.