पन्नाशीनंतरचा गणिताचा तास

गेली तीन वर्षे रात्रीचे जेवण आटोपले की जुनी वही, पेन्सिल आणि मुलीने वापरून सोडलेला टॅब घेऊन मी बसतो आणि गणित-विज्ञानाची व्याख्याने ऐकतो. मी इतिहासाचा शिक्षक. एम. ए. त्याच विषयात केले. सेवेची उरलेली वर्षे आता एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. साहजिकच सहकारी विचारतात, “सर, या वयात याचा उपयोग काय?” प्रश्न आपुलकीचा असतो, तरी मला तो खटकतो. संध्याकाळी गाणे ऐकत बसणाऱ्या माणसाला हा प्रश्न कोणी विचारत नाही.

उपयोग विचारण्याची ही सवय कोठून आली, ते मला समजते. आपल्या घरांतली पहिली पिढी शिकली ती भाकरीसाठी, नोकरीसाठी, माणूस म्हणून ताठ उभे राहण्यासाठी. आईबापांनी मजुरी करून मुलांना शिकवले. तेव्हा शाळेतल्या प्रत्येक वर्षाचा हिशेब द्यावा लागे. ते योग्यच होते. पण निव्वळ कुतूहल ही ज्यांची पोटे पिढ्यान्‌पिढ्या भरलेली आहेत त्यांचीच मिरास, असे त्या ओढाताणीत आपणही नकळत मानू लागलो, हे मला मान्य नाही.

आठवीत असताना मी गावच्या शाळेत गणिताच्या तासाला विचारले होते, की ऋण संख्येला ऋण संख्येने गुणल्यावर उत्तर धन का येते. “तुला कुठे इंजिनिअर व्हायचंय? तुमच्याकडच्या पोरांनी पाठ करावं आणि पास व्हावं,” असे उत्तर मिळाले. वर्ग हसला. दहावीला गणितात काठावर सुटलो आणि कला शाखेकडे वळलो. इतिहासाने मला भरभरून दिले, त्याबद्दल खंत नाही. खंत याची, की पुढची तीस वर्षे ‘मला गणितात गती नाही’ हे वाक्य मी स्वतःच सांगत राहिलो. त्या गुरुजींचे काम मी बिनपगारी पुढे चालवले.

ते वाक्य माझ्याकडून सुटले ते अमेरिकेतील एमआयटी या संस्थेचे निवृत्त प्राध्यापक गिल्बर्ट स्ट्रँग यांच्या व्याख्यानांमुळे. या संस्थेने आपले अभ्यासक्रम जगाला विनामूल्य खुले करण्याचे २००१ साली जाहीर केले. स्ट्रँग यांची रेषीय बीजगणितावरील व्याख्याने १९९९ साली चित्रित झालेली आहेत. त्यात चकचकीत असे काही नाही. एक फळा, एक खडू आणि मध्येच थांबून स्वतःशी विचार करणारा एक साधा माणूस.

पहिल्याच तासाला ते दोन समीकरणे लिहितात. दोन क्ष वजा य बरोबर शून्य. उणे क्ष अधिक दोन य बरोबर तीन. आपली दहावीची एकसामयिक समीकरणेच ती. आलेखावर दोन रेषा काढायच्या. त्या (१, २) या बिंदूत छेदतात. इथवर मला ठाऊक होते. मग ते म्हणतात, आता आडव्या ओळी सोडा, उभे स्तंभ पाहा. पहिला स्तंभ (२, –१), दुसरा (–१, २). पहिला किती वेळा आणि दुसरा किती वेळा घेतला म्हणजे बेरीज (०, ३) येईल? पहिला एकदा, दुसरा दोनदा. उत्तर तेच, पण प्रश्नच निराळा झाला. छेदनबिंदू शोधणारा मी आता दोन बाण जोडत तिसऱ्या ठिकाणी पोचत होतो. त्या रात्री मला झोप आली नाही. दहावीत ही समीकरणे मी शेकड्यांनी सोडवली होती आणि त्यांच्याकडे एकदाही पाहिले नव्हते.

इतिहासाच्या माणसाला इथे मायकेल फॅरेडे आठवणारच. लोहाराचा मुलगा, चौदाव्या वर्षी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवार. १८१२ साली एका गिऱ्हाइकाने दिलेल्या तिकिटांवर त्याने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्हींची व्याख्याने ऐकली, टिपणे काढली, ती स्वतः बांधून डेव्हींना पाठवली. पुढच्या वर्षी त्याच संस्थेत तो साहाय्यक झाला. आज त्या संस्थेची व्याख्याने तिकिटाविना ऐकता येतात. मात्र फॅरेडे नुसता ऐकून घरी गेला नव्हता, एवढे लक्षात ठेवावे. सुरुवातीला मीही नुसता पाहत असे, सारे समजल्यासारखे वाटे आणि सकाळी कोऱ्या कागदावर एक ओळ उमटत नसे. आता दर दहा मिनिटांनी चित्र थांबवतो, वहीत करून पाहतो. एका तासाच्या व्याख्यानाला कधी चार रात्री लागतात. लागू द्याव्यात, मला कोठे परीक्षेला बसायचे आहे?

दोन गोष्टी मात्र स्पष्ट बोलल्या पाहिजेत. पहिली भाषेची. आयआयटींनी चालवलेल्या ‘एनपीटेल’ची व्याख्यानेही मी ऐकतो, उत्तम असतात, पण मूळ इंग्रजीत. डॉ. जयंत नारळीकरांनी मराठीत विज्ञान लिहून वाट दाखवली. तरी पदवीच्या पातळीचे गणित मराठीत सलग शिकवणारे व्याख्यान शोधताना मी थकतो. आपले कितीतरी माजी विद्यार्थी आज अभियंते आणि प्राध्यापक आहेत. त्यांनी फळा आणि मोबाइल घेऊन वर्षाला चार तास मराठीत शिकवले, तर ही स्मरणिका छापल्याचे सार्थक होईल. दुसरी गोष्ट, पडद्यावरचे व्याख्यान दाखवून शिक्षकाची रिकामी जागा भरली असे कोणी म्हणू लागले, तर पालकांनी ते मुळीच ऐकून घेऊ नये. माझ्यासारख्या प्रौढाला पडदा पुरतो. आठवीच्या मुलाला प्रश्न विचारायला समोर माणूस लागतो.

वसतिगृहात मुलांच्या हाती मोबाइल नसतो, ते बरेच आहे. म्हणून रविवारी संध्याकाळी सभागृहात सर्वांनी मिळून एक व्याख्यान पाहायचे, मध्ये थांबवायचे, फळ्यावर करून बघायचे, असे आम्ही सुरू केले आहे. गेल्या रविवारी आठवीतल्या एका मुलीने विचारले, “सर, उणे गुणिले उणे अधिक कसे?” मी फळ्यावर लिहिले : तीन आणि उणे तीन यांची बेरीज शून्य. तिला उणे दोनने गुणले तरी शून्यच. पैकी उणे दोन गुणिले तीन म्हणजे उणे सहा. मग उरलेला गुणाकार, उणे दोन गुणिले उणे तीन, अधिक सहा असल्याशिवाय बेरीज शून्य होणार कशी?

तिने थोडा वेळ फळ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “पण सर, शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच येतं, हे कशावरून?”

मी तिच्याकडून पुढच्या रविवारपर्यंतची मुदत मागून घेतली आहे.