ठाण्याची साक्ष

वस्तुसंग्रहालय म्हटलें म्हणजे नाणीं व तरवारी डोळ्यांपुढें येतात. परंतु कांहीं वास्तु स्वतःच साक्षीदार असतात. अमेरिकेंतील नेब्रास्का राज्याच्या वायव्य कोपऱ्यांत रॉबिन्सन नांवाचें असें एक लष्करी ठाणें आहे. तेथील मूळच्या लाकोटा लोकांवर नजर ठेवण्यासाठीं तें १८७४ सालीं वसविलें. त्यांचा योद्धा क्रेझी हॉर्स शरण आला असतांहि ५ सप्टेंबर १८७७ रोजीं येथील पहारेघरापाशीं झटापटींत त्यास संगीन लागली व त्याच रात्रीं तो मरण पावला. पुढें शायेन लोकांची एक टोळी दक्षिणेस परत जाईना, म्हणून ऐन हिवाळ्यांत तिला बराकींत कोंडून अन्न, सरपण व शेवटीं पाणीहि तोडलें. ९ जानेवारी १८७९ च्या रात्रीं तीं माणसें बायकामुलांसह बर्फांत निसटलीं. तेव्हां व पुढील पाठलागांत सुमारें साठ जणांचा अंत झाला.

सैन्यानें १९४८ मध्यें ठाणें सोडलें. १९५६ मध्यें तेथील जुन्या कचेरींत वस्तुसंग्रहालय उघडलें. तें पहारेघरहि मूळ जागीं पुन्हां उभारलें आहे.

विजयाच्या तरवारी जपणें सोपें. अपराधाची जागा जपणें कठीण. मीं वर्गांत आयुष्यभर विजयांच्या सनावळ्या घोकून घेतल्या, हरलेल्यांची बाजू क्वचितच सांगितली. याची आज खंत वाटते. घरांतील वडीलधाऱ्यांनीं मुलांस पूर्वजांचें वैभव अवश्य सांगावें. पण त्यांच्या हातून कोणावर अन्याय घडला असेल, तर तोहि लपवूं नये. वारसा दोहोंचा असतो.